एक जूनची पोरं आणि दुबार नावं

एक काळ असा होता की आमच्या शहापूर-मुरबाडकडची सगळी पोरं १ जूनला जन्माला यायची. शाळा जूनमध्ये भरायची. बाप पोराला दंडाला धरून आणायचा आणि म्हणायचा, “मास्तर, याला घाला पटावर.” जन्म कधीचा, तर “आवणीच्या टायमाला झाला” किंवा “त्या साली पूल वाहून गेला ना, तवाचा.” मग पोराला सांगायचं, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला की वय सहा पूर्ण आणि जन्मतारीख १ जून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. अशा कितीतरी तारखा मीही पटावर चढवल्या. रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती, आणि जूनमध्ये सहा वर्षं भरलेली दाखवायची तर १ जूनइतकी सोयीची तारीख दुसरी नाही.

शाळेचा दाखला पुढे सगळ्या कागदांचा बाप झाला. जातीचा दाखला, मतदार यादी, आधार, जिथे जिथे दाखला लागला तिथे तिथे तीच तारीख गेली. ज्यांच्याकडे दाखलाही नव्हता त्यांना आधारच्या वेळी फक्त साल सांगता आलं, म्हणून ते १ जानेवारीचे झाले.

आता यात नावं घाला. कातकरी आणि ठाकर वस्त्यांवर वारावरून नाव ठेवायची जुनी चाल. सोमवारचा सोमा, मंगळवारची मंगळी, बुधवारचा बुधा, शुक्रवारची सुकरी. आडनावंही मोजकी; वाघे, मुकणे, हिलम, पवार, जाधव म्हटलं की कातकऱ्यांचा पाडा बराचसा वाचून होतो. शिवाय नातवाला आजोबाचं नाव द्यायचं. आजोबा सोमा काळू, त्याचा पोरगा काळू सोमा, नातू पुन्हा सोमा काळू. एका पाड्यावर एकाच नावाची, एकाच आडनावाची, कागदावर एकाच तारखेला जन्मलेली दोन माणसं असणं ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. याद्या ताडून बघणारं यंत्र मात्र त्यांना एकच माणूस समजतं आणि दुबार नोंद म्हणून पुढे करतं.

दुबार हा शब्द अलीकडे फार गाजला. १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत मतदार याद्यांतल्या घोळाविरुद्ध ‘सत्याचा मोर्चा’ निघाला. तिथल्या भाषणात राज ठाकरे यांनी मुरबाडचंही नाव घेतलं. कल्याण ग्रामीण, डोंबिवली, भिवंडी, मुरबाड इथल्या साडेचार हजार मतदारांनी तिथेही मत दिलं आणि मलबार हिललाही दिलं, असा त्यांचा आरोप होता. त्याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. मला सांगायचं आहे ते जुनं आहे: आमच्या भागात एकाच माणसाचं नाव दोनदा येतं कसं, दोन माणसांचं एकच नाव दिसतं कसं, आणि हा गुंता सोडवायला कुणी काय काय करून पाहिलं.

माणूस दोनदा मोजला जाण्याची भीती मतदानापेक्षा जुनी आहे. १८७२ च्या सुमाराची पहिली शिरगणती वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वेळी झाली. मग १८८१ साली सरकारने देशभर एकच रात्र धरली, १७ फेब्रुवारी. कारण सरळ आहे. दिवसा माणूस रानात असेल, बाजारात असेल, पाहुणा म्हणून गेला असेल. रात्री तो एकाच ठिकाणी निजतो. सगळ्यांना एकाच रात्री मोजलं तर कुणी दोन वह्यांत सापडायचं नाही. तलाठी, पाटील, शाळामास्तर आधी घरोघर फिरून कच्ची नोंद करून ठेवत आणि त्या रात्री कंदील घेऊन ती ताडून बघत. १९३१ पर्यंत ही रीत चालली. १९४१ ला ती सुटली, तरी बेघर माणसांपुरती एका रात्रीची मोजणी पुढेही राहिली. मला ही युक्ती फार आवडते. नाव, वय, बापाचं नाव यांची जुळवाजुळव करायचं कामच नाही.

मतदार यादीला ही सोय नाही. तिला माणूस कुठे निजला ते नको, तो ‘सर्वसाधारणपणे’ कुठे राहतो ते हवं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हे बारकाईने लिहिलं आहे. कलम १७ म्हणतं, एकाहून जास्त मतदारसंघांत नाव नको. कलम १८ म्हणतं, एकाच मतदारसंघात दोनदा नको. कलम २० म्हणतं, कुठे नुसतं घर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी होत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास जातही नाही. ज्याने हे शेवटचं वाक्य घातलं त्याने वीटभट्टीवर जाणारा कातकरी पाहिला नसेलही, पण वाक्य त्याच्याच उपयोगाचं आहे. त्याकडे पुन्हा येतो.

दोन ठिकाणी नाव असणं हा नेहमीच गुन्हा नव्हता, हेही सांगून टाकतो. ज्या विलायतेकडून आपण निवडणुका घेतल्या तिथे १९४८ पर्यंत पदवीधराला विद्यापीठाच्या जागेसाठी वेगळं मत होतं, आणि धंद्याची जागा दुसऱ्या मतदारसंघात असेल तर तिथलंही मिळे. दुबार मत हा तिथे शिकलेल्या आणि पैसेवाल्या माणसाचा कायदेशीर हक्क होता. आमच्याकडे १९३५ च्या कायद्याखाली शेतसारा, कर, शिक्षण पाहून मत मिळायचं, तेव्हा पाड्यावरच्या माणसाचं नाव एकदाही यादीत येण्याची मारामार. तो पहिल्यांदा यादीत आला तो स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीला, १९५१-५२ मध्ये.

त्या पहिल्या यादीत देशभर सुमारे १७ कोटी ३० लाख नावं चढली आणि सुमारे २८ लाख बायकांची गळली. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. असली नोंद धरायची नाही असं निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं. ही गळती बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या बाजूची. आमच्याकडची बाई स्वतःचं नाव सांगे, अडे ती नवऱ्याच्या नावाशी. यादीत बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं आणि ती ते उच्चारायची नाही. मग शेजारीण सांगणार. शेजारणीला ठाऊक असायचं ते हाकेचं नाव. एका साली नवरा ‘बाळ्या’ लिहिला गेला, पुढच्या फेरीला यादीच्या कामावरच्या दुसऱ्या मास्तराने रेशनकार्ड बघून ‘बाळकृष्ण’ लिहिला, आणि एका बाईच्या दोन बाया झाल्या.

पण खरी दुबार नावं तयार करणारा मोठा कारखाना म्हणजे लग्न. पोरगी अठराची होते, माहेरच्या यादीत बापाच्या नावाने चढते. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं १९८९ मध्ये, त्यानंतर तर हे फारच झालं. आधी बहुतेक मुली यादीत यायच्या तेव्हा सासरीच असायच्या. किन्हवलीची मुलगी धसईला दिली. तिकडे ती नव्या नावाने, नवऱ्याच्या आडनावाने अर्ज भरते. पहिलं नावसुद्धा काही घरांत बदलतात. दोन नोंदींत जुळणारं काहीच उरत नाही, जन्मतारीख सोडून, आणि ती १ जून. माहेरचं नाव कमी करायला सात नंबरचा अर्ज लागतो. तो कोण भरणार? तिला सवड नाही, बापाला गरज वाटत नाही, आणि गावातल्या पुढाऱ्याला तर ते नाव राहिलेलंच बरं. ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात मतदार काही शेच. पाच मतांनी सीट पडते. मतदानाच्या दिवशी लेकींना आणायला गाड्या जातात, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. दोन गावांच्या निवडणुका वेगवेगळ्या महिन्यांत असल्या की बोटाची शाईही तोवर गेलेली असते. तेव्हा सगळंच भाबडं होतं असं मी म्हणणार नाही.

शाईवरून आठवलं. यादीत कितीही घोळ असला तरी केंद्रावर एक उपाय होताच, डाव्या हाताच्या तर्जनीवरची न पुसणारी शाई. १९६२ पासून ती म्हैसूरच्या सरकारी रंगकारखान्यात बनते. १८८१ च्या रात्रीच्या मोजणीशी या शाईचं नातं मला दिसतं. ती नाव विचारत नाही, बोट बघते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ तर आणखी पुढे जातं. यादीत नाव दोनदा असलं तरी मत एकदाच. दोनदा दिलंत तर दोन्ही रद्द. नाव दोनदा असणं आणि मत दोनदा देणं या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या. भाषणांत आणि बातम्यांत त्या एकत्र होतात.

आता भट्टी. आमच्याकडे पावसाळ्यात उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलायचं, भिवंडी, कल्याण, वाडा, कधी पनवेलच्या बाजूला. भट्टीवर भोंगा, म्हणजे झोपडी, बांधून राहायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. आता मतदार यादीच्या दुरुस्तीचं वेळापत्रक बघा. वर्षानुवर्षं अर्हता दिनांक, म्हणजे वय धरायची तारीख, १ जानेवारी, म्हणून घरोघर पडताळणी त्याच्या आधी, दिवाळीच्या पुढेमागे. म्हणजे मास्तर वही घेऊन पाड्यावर पोहोचतो तेव्हा निम्मी घरं कुडाला काटी लावून बंद. म्हातारी माणसं, एखादी बाळंतीण आणि कुत्री. यादीतून नाव काढायची कारणं ठरलेली: मयत, स्थलांतरित, दुबार, बेपत्ता, अपात्र. बंद घरासमोर उभ्या असलेल्या माणसाला ‘स्थलांतरित’ लिहिणं सगळ्यांत सोपं. नाव काढण्याआधी नोटीस द्यायची असते, म्हणून ती कुडात खोचून ठेवायची. वाचायला मालक येणार जूनमध्ये. तोवर निवडणूक लागली तर लोक भट्टीवरून ट्रकने मतदानाला आणले जायचे आणि केंद्रावर कळायचं की नाव गेलं. मग पुढच्या साली नवा अर्ज, नवी नोंद. आणि जुनं नाव काढायचं राहूनच गेलेलं असलं, निव्वळ पुरवणी यादीच्या छपाईत हरवलेलं असलं, तर मग दोन.

वर्षातून चार अर्हता दिनांक झाले ते २०२१ च्या कायदा दुरुस्तीनंतर: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख. आमच्या पाड्यांना खरा उपयोगी आहे जुलै. तेव्हा सगळी घरी असतात, आवणीच्या चिखलात असली तरी.

उलट दिशेचीही दुबार नावं आहेत, ती शहरातून येणारी. मुरबाड विधानसभा मतदारसंघात बदलापूर येतं. गिरणगावातली माणसं १९८२ च्या संपानंतर जी पांगली ती डोंबिवली, बदलापूर, टिटवाळा अशी. खोली विकली तरी लालबाग-परळच्या यादीतलं नाव पुष्कळांनी मुद्दाम ठेवलं. ते काढलं की मुंबई सुटल्यासारखं वाटायचं. आसनगाव-वासिंदला नव्या इमारती झाल्या तसे तिथेही असेच लोक आले. यांच्या नोंदी शोधायला सोप्या. नावं ठसठशीत, जन्मतारखा नगरपालिकेच्या दाखल्यावरच्या. यंत्र ज्यांना चटकन ओळखू शकतं ते हे लोक.

हाताने काम चालायचं तेव्हा आम्ही काय करत होतो ते सांगतो, कारण ते आता कुठे लिहिलेलं सापडायचं नाही. छापील यादी घेऊन देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर बसायचं. कोतवाल, पोलीस पाटील, पुढे अंगणवाडीची ताई, आणि एक म्हातारी सुईण. नाव मोठ्याने वाचायचं. कोतवालाला कुळं ठाऊक, पाटलाला भांडणं ठाऊक, पण सगळ्यांत पक्की सुईण. ती म्हणायची, “हा सोमा काळ्याचा, तो दुसरा सोमा बी काळ्याचाच, पण त्या काळ्याला एक डोळा नव्हता.” झालं, दोन माणसं. यादीतल्या वयावर आम्ही कधीच विसंबलो नाही. वयं सगळी पाचाच्या नाहीतर दहाच्या पटीत, चाळीस, पंचेचाळीस, साठ. घर क्रमांकावरही नाही. घरपट्टीच्या वहीत ज्या झोपडीला आकडा नव्हता तिला शेजारच्याच घराचा आकडा दिलेला असायचा. पाड्याने स्वतःची खूण ठेवलेली असे: वरचा, खालचा, विहिरीजवळचा, डोळ्याने अधू. ती खूण लाल पेनाने नावापुढे समासात लिहायची. तिला रकाना नव्हता.

हे काम सगळीकडे चांगलं व्हायचं असं नाही. जिथे सुईण नव्हती किंवा पाटलाचं कुणाशी वाकडं होतं तिथे नावं सूडाने उडत. ओळखीच्या माणसाच्या हातात यादी असण्याचा धोका तोच.

मग याद्या संगणकावर गेल्या. १९९३ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेब यांनी फोटोचं ओळखपत्र आणलं, पुढे यादीतही फोटो आले. दुबार शोधणं दोन मार्गांनी होऊ लागलं: नाव-वय-नाते सारखं असलेल्या नोंदी आणि फोटो सारखा असलेल्या नोंदी. आमच्या भागात पहिल्या मार्गाची गत काय होते ते वर आलंच. शिवाय टायपिंग. ‘लक्ष्मी’, ‘लक्ष्मीबाई’, ‘लखमी’ ही माणसाला एक वाटतात, यंत्राला तीन. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्याला सारखा दिसतो, आत वेगळा असतो. म्हणजे एकच बाई निसटते, आणि दोन वेगवेगळे सोमा पकडले जातात.

याचं शास्त्र आहे आणि ते बरंच जुनं आहे. कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर यांनी १९६९ मध्ये त्याचं गणित मांडलं. नोंदींच्या जोड्यांचे तीन ढीग करायचे: नक्की एकच, नक्की वेगळ्या आणि सांगता येत नाही अशा. तिसरा ढीग माणसाने बघायचा. गणितातली मला पटलेली गोष्ट अशी की त्यात नुसतं जुळणं मोजत नाहीत, जुळणाऱ्या गोष्टीची दुर्मिळता मोजतात. दुर्मिळ आडनाव जुळलं तर वजन जास्त, घरोघरी असलेलं जुळलं तर कमी. आमच्या तालुक्यात १ जून जुळण्याला शून्य वजन द्यायला हवं. ते कुणी देतं का, हाच प्रश्न.

अमेरिकेतला एक दाखला आहे. कॅन्सस राज्याने ‘क्रॉसचेक’ नावाची योजना चालवली. निरनिराळ्या राज्यांच्या याद्या पहिलं नाव, आडनाव आणि जन्मतारीख यांवर ताडायची. अभ्यासकांनी हिशेब केला. त्या योजनेतल्या एका सूचनेप्रमाणे नावं काढली, तर दुबार मतासाठी वापरलेली एक नोंद निघताना सरळ मत देणाऱ्या सुमारे ३०० नोंदी अडकतात. आणि तिथे जन्मतारखा दवाखान्यातल्या असतात, मास्तरांनी दिलेल्या नसतात.

२०१५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे यादी शुद्धीकरणाची मोहीम निघाली, मतदार ओळखपत्र आधारला जोडून दुबार नावं काढायची. ११ ऑगस्ट २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती थांबली. २०२१ च्या दुरुस्तीने आधार पुन्हा आलं, पण ऐच्छिक. बोटांचे ठसे असल्याने आधारने हा प्रश्न सुटेल असं पुष्कळांना वाटतं. सुटेलही, पण विटा थापणाऱ्याच्या बोटांचे ठसे रेशनच्या यंत्रावर उमटत नाहीत म्हणून दुकानातून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुकीसाठी वेगळाच मार्ग धरला. संभाव्य दुबार नावापुढे यादीत दोन तारे. त्या माणसाला आधी विचारायचं, कुठे मत देणार. काही कळलं नाही तर केंद्रावर हमीपत्र घ्यायचं की मी दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही. यावर टीका झाली, की नावं काढली का नाहीत. मला मात्र ही रीत बरी वाटली. तिसरा ढीग तिने उघडपणे कबूल केला, आणि नाव काढण्याआधी माणसाला समोर उभं केलं.

किन्हवलीच्या बाजूच्या एका पाड्यावर दोन चुलत जावा होत्या. दोघी सुकरी, दोघींचे नवरे सोमा, आडनाव एकच, वयाचा आकडा एकच, घर क्रमांकही एकच, कारण दुसऱ्या झोपडीला आकडाच नव्हता. पाड्यावर त्या वरची सुकरी आणि खालची सुकरी. हाताच्या यादीत समासात ‘वरची’, ‘खालची’ लिहिलेलं होतं, संगणकावर समास गेला नाही. तेव्हापासून दर फेरीला ही जोडी दुबार म्हणून वरून येते. दर फेरीला कुणीतरी मास्तर जाऊन दोघींना बघतो, वेगळ्या असल्याचं लिहून पाठवतो, आणि पुढच्या फेरीला ती पुन्हा येते. ‘वेगळ्या आहेत’ हे उत्तर साठवायची जागा कुठे दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात वरची सुकरी वारली. आता खरोखर एक नाव काढायचं आहे, आणि ते कोणतं हे विचारायला तिथल्या नव्या मास्तरांचा मला फोन आला. मी त्यांना म्हटलं, फोटोवर जाऊ नका, एकीच्या नावापुढे दुसरीचा फोटो असू शकतो. मृत्यूच्या दाखल्यावरही सुकरी सोमाच असेल. दोघींच्या सासऱ्यांची नावं वेगळी आहेत, ती विचारा, आणि आधी खालच्या सुकरीचं कार्ड हातात घेऊन त्याचा नंबर टिपून घ्या. तो नंबर ठेवायचा, दुसरा काढायचा.